दारूबंदी आम्ही मागितली होती, उठवताना विचारलं कुणाला?

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, माननीय उत्पादन शुल्क मंत्री
आणि चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा जिल्ह्यांचे पालकमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या बायांचा अर्ज परत आला. गावाच्या रस्त्यावरचं देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान घ्या, एवढंच आम्ही मागितलं होतं. त्यासाठी महिला मतदारांपैकी 25 टक्के बायांच्या सह्या लागतात. आम्ही त्याहून जास्त गोळा केल्या होत्या. पडताळणीत बऱ्याच बाद झाल्या. कुणाचा अंगठा नीट उमटला नव्हता, कुणाचं मतदार यादीत अजून माहेरचंच नाव होतं. कितीतरी जणी पडताळणीच्या दिवशी रोवणीला गेल्या होत्या, कारण साहेब येणार असल्याचा निरोप आदल्या रात्री आला. रोवणीचे दिवस हातचे सोडले तर धान उभं राहत नाही, हे धानपट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही.

परत आलेला तो कागद हातात घेऊन शेजारची म्हातारी मला म्हणाली, "ताई, आता आमाले कोण इचारते जी?" तिच्या त्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे, आणि ते उघड लिहिते आहे, म्हणजे तुमच्याबरोबर इतरांनीही वाचावं.

मी मूल तालुक्यातल्या एका गावात 27 वर्षं अंगणवाडी चालवली. डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर हजारो बाया पायी गेल्या, त्यात मी होते. तिसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा तुटला, तो सुतळीनं बांधून पुढे चालले. रात्री वाटेवरच्या गावांत मुक्काम, पहाटे तुकडोजी महाराजांची भजनं म्हणत पुन्हा रस्ता. पुढे चार वर्षं ग्रामसभांचे ठराव, निवेदनं, धरणी. 2015 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्ध्यात ती 1975 पासून होती, गडचिरोलीत 1993 पासून. सहा वर्षांनी, 27 मे 2021 ला, आमच्या जिल्ह्याची बंदी मंत्रिमंडळानंच उठवली. तेव्हा सरकार वेगळं होतं हे मला ठाऊक आहे. पण माणसं बदलली तरी निर्णय शासनाचा राहतो, म्हणून तुम्हालाच विचारते.

बंदी आली तेव्हा काय झालं, ते मी जसं पाहिलं तसं सांगते. चांगलंही सांगते, वाईटही. त्यातलं काही लपवलं तर या पत्राला अर्थ राहणार नाही.

माझा नवरा राइस मिलमध्ये हमाली करायचा. वीस वर्षांपासून पीत होता. दुकानं बंद झाली तेव्हा पहिले दोन दिवस तो नुसता चिडचिडा होता. तिसऱ्या रात्री त्याचे हात इतके थरथरायला लागले की पाण्याचा गडवा ओठापर्यंत जाईना. अंगावरचा घाम निथळत होता. मग तो उठून भिंत झाडायला लागला. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणाला. मी कंदील जवळ नेला, भिंत कोरी होती. तो मात्र दोन्ही हातांनी झाडतच राहिला, माझ्या पदरावरच्याही मुंग्या काढायला लागला. पहाटे त्याला झटका आला. शेजाऱ्याच्या ऑटोत घालून नेलं तर डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम सोडली की असं होतं, यात माणूस दगावूही शकतो, वेळेवर आणलंत. अंगणवाडीत इतकी वर्षं काढून, आरोग्याच्या एवढ्या बैठकांना बसून, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दारूचं दुकान कोणत्या तारखेला बंद होणार हे शासनानं ठरवलं होतं. त्या तारखेनंतर रोज पिणाऱ्यांच्या शरीराचं काय होणार, त्यांना कुठे न्यायचं, कोणतं औषध द्यायचं, याची तयारी निदान आमच्या भागात मला दिसली नाही.

तो वाचला. आणि पुढचं सव्वा वर्ष आमच्या संसारातलं सगळ्यात चांगलं गेलं. मिलचा हिशेब शनिवारी व्हायचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. मी ते देवापुढे ठेवलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. गावात हेच चित्र होतं. आठवडी बाजारातून पुरुष भाजीची पिशवी घेऊन उजेडी घरी येताना दिसायचे. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक पहाटेपर्यंत चाललं आणि बायाही पहाटेपर्यंत मांडवात बसल्या. तुम्हाला ही छोटी गोष्ट वाटेल. त्याआधीची कित्येक वर्षं आम्ही पहिल्या अंकानंतर पोरींना घेऊन घरी निघून यायचो, कारण मध्यरात्रीनंतर मांडवात काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

बंदीनं काय मिळालं असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

दुसऱ्या वर्षापासून ते हातातून निसटायला लागलं. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं चालू. खाली तेलंगणा, तिथे चालू. वर नागपूर, भंडारा, तिथेही चालू. आधी रात्रीच्या गाड्या आल्या, मग दुपारच्या. गावाच्या नाल्यात मोहफुलाचा सडवा पुरलेले ड्रम निघायला लागले. पव्वा दुप्पट-तिप्पट भावानं, पण घरपोच. पूर्वी दारू प्यायला माणूस रस्त्यावर जायचा, आता बाटली सांदवाडीतून आत यायला लागली. नवऱ्यानं पुन्हा धरली. आता पव्वा महाग, म्हणून घरातून पैसाही जास्त जायला लागला. बाटलीवर नाव कंपनीचं असायचं, आत काय असायचं ते देवाला माहीत. 2019 च्या पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी झालं आणि तो गेला.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना हात जड होतो. माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा नववीत होता. मोटारसायकलवर मागे बसून पिशवी पोहोचवायची, एका खेपेचे पाचशे रुपये. आम्हाला कळलं तेव्हा सहा महिने झाले होते. शाळा सुटली ती सुटलीच. ज्या बंदीसाठी मी सुतळी बांधून चालले, तिच्याच काळात माझ्या घरातलं पोरगं दारूच्या धंद्याला लागलं. हे मी मान्य करते. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीडजवळ दारूतस्करांच्या गाडीनं एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं. प्रामाणिकपणे काम करणारे पोलीस होते, त्यातल्या एकाचा जीव गेला, हेही विसरून चालणार नाही.

तर बंदी उठवताना शासनानं जी कारणं दिली, म्हणजे अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बाया आणि पोरं त्या धंद्यात ओढली गेली, त्यातलं एकही कारण मी खोटं म्हणत नाही. ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. माझी तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. या सगळ्यावरून तुम्ही म्हणालात की बंदी अपयशी ठरली. राबवायची जबाबदारी कुणाची होती?

आता गाऱ्हाणी एकेक करून मांडते.

पहिलं म्हणजे, बंदी राबवण्याचा भार तुम्ही आमच्यावर टाकलात आणि पाठीशी कुणी उभं राहिलं नाही. 2017 च्या उन्हाळ्यात आम्ही अकरा बायांनी नाल्याच्या रेतीत पुरलेले चार ड्रम हातानं उकरून काढले. दुपारी बाराला फोन केला, पोलीस साडेतीनला आले. तोवर आम्ही उन्हात ड्रमवर बसून होतो, कारण उठलो असतो तर ते गायब झाले असते. पंचनामा झाला, पंच म्हणून आमच्यातल्याच दोघींचे अंगठे घेतले. दारूबंदी कायद्याच्या कलम 65 ई खाली गुन्हा दाखल झाला. मग तालुक्याच्या कोर्टात तारखा. पाच वेळा त्या दोघी गेल्या, पाच दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं पदरचं. सहाव्या तारखेला त्यातली एक फितूर झाली. तिला मी दोष देत नाही. विकणारा तिच्या दाराशी रोज संध्याकाळी येऊन बसायचा, काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. घरात ती आणि सासू दोघीच. माणूस निर्दोष सुटला आणि त्याच आठवड्यात पुन्हा विकायला लागला. त्यानंतर नाल्यावर यायला अकरा बाया जमल्या नाहीत, चारच आल्या. आणि ज्यांनी ते ड्रम भरायला मोहफूल आणि गूळ पुरवला, ज्यांच्या गाड्या नदी ओलांडून यायच्या, त्यांच्यापर्यंत आमच्या गावातली एकही केस पोहोचली नाही.

दुसरं, उठवताना आम्हाला विचारलं नाही. समित्या नेमल्या, निवेदनं मागवली. बंदी उठवा म्हणणारी निवेदनं लाखांनी आली असं सांगितलं गेलं. आली असतील. पण आमच्या गावात निवेदन कुठे द्यायचं याची दवंडी फिरली नाही, समितीचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला नाही. बंदी आणताना ग्रामसभांचे ठराव लागले होते. उठवताना एकही ठराव मागावासा वाटला नाही? आणि वेळ कोणती होती ते आठवा. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या आशाताई घरोघर ऑक्सिजन मोजत फिरत होत्या, खाटेसाठी लोक चंद्रपूर ते नागपूर वणवण करत होते. ग्रामसभा घेण्याची सोय नव्हती, बायांना एकत्र येऊन बोलण्याचीही मुभा नव्हती. त्या मे महिन्यात तुम्ही हा निर्णय घेतलात, आणि जुलैत दुकानं उघडली.

तिसरं. दुकानं उघडली की अवैध दारू थांबेल, असं म्हणाला होतात. ती थांबली नाही. आमच्या गावातला चिल्लर दारू विकणारा आता परवान्याच्या दुकानातून पेटी उचलतो आणि गावात बाटलीमागे वीस-तीस रुपये जास्त घेऊन विकतो. पूर्वी त्याला नदी ओलांडावी लागायची, आता तेही कष्ट उरले नाहीत. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात बंदी आहे आणि अलीकडे आमच्याकडे दुकानं. म्हणजे जे आमचं यवतमाळनं झालं, तेच आता आमच्यामुळे गडचिरोलीच्या बायांचं होतं. त्यांच्यापुढे आम्ही कोणत्या तोंडानं जावं?

चौथं गाऱ्हाणं महसुलाचं. 10 जून 2025 च्या बैठकीत तुम्ही भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलंत आणि वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील असं सांगितलंत. दारू महाग केली याला माझा विरोध नाही. पण देशीच्या 180 मिलीच्या बाटलीचा किमान भाव 80 रुपये झाला, तो भरतं कोण? ऑगस्ट 2024 पासून आमच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये येतात. त्याबद्दल मी शासनाचे आभार मानते, त्या पैशानं कितीतरी घरी औषधं आली आहेत. पण ज्या घरात रोज एक पव्वा लागतो, तिथे ते 1500 रुपये एकोणिसाव्या दिवशी संपतात. आमच्याच गल्लीत बँकेचा संदेश बाईच्या आधी नवरा वाचतो अशी तीन घरं मी दाखवू शकते.

हल्ली सभांमधून देशभर दारूबंदी करा अशी मागणी होते. असल्या सभांना मीही टाळ्या वाजवल्या आहेत. संविधानाच्या 47 व्या कलमात राज्यानं दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे, आणि माझं मन आजही त्याच बाजूला आहे. पण देशभर बंदी म्हणजे आमच्या सहा वर्षांचीच गोष्ट, हजार पटीनं मोठी. बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून बंदी आहे, तीही बायांच्या मागणीवरून आली. तिथे तुरुंग भरले ते पिणाऱ्या गरिबांनी. शेवटी 2022 मध्ये कायदा बदलून पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडायची सोय करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूनं किती घरं ओस पाडली ते सगळ्यांनी पाहिलं. गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून बंदी आहे, तरी जुलै 2022 मध्ये बोटाद भागात तेच झालं.

पण बंदी असली की विषारी दारू येते, एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांनी मुंबईतलं मालवणीही आठवावं. जून 2015 मध्ये तिथे शंभरच्या आसपास माणसं गेली. तिथे बंदी नव्हती, परवान्याची दुकानं उघडी होती. तरी मजुराला परवडली ती पिशवीतलीच. माझ्या समजुतीप्रमाणे गरिबाला विष पाजणारे बंदी असो-नसो तिथे असतातच, कारण त्यांना पकडायचं काम कुणी मनावर घेत नाही. ते काम मनावर न घेता देशावर बंदी आणली, तर ड्रमवर बसायला पुन्हा आम्हीच जाणार आणि पोलीस साडेतीनलाच येणार.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

गडचिरोली आणि वर्ध्याच्या बंदीला, कोणत्याही कारणानं, तिथल्या बायांचं गुप्त मतदान घेतल्याशिवाय हात लावू नये. समिती नेमली तर तिच्यात निम्म्या गावातल्या बाया असाव्यात आणि अहवाल मराठीत प्रत्येक ग्रामसभेत वाचला जावा.

आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करायच्या, मतदानाचा नियम बदला. आज दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी मिरची तोडायला तेलंगणात गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी मरण पावली पण यादीतून नाव निघालं नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकान चालू ठेवायच्या, बाजूनं मोजल्या जातात. आमदार, खासदार पडलेल्या मतांत निवडून येतो. दारूचं दुकान पडलेल्या मतांत का बंद होऊ नये? आणि सह्यांची पडताळणी असो की मतदान, रोवणीत, कापणीत, मिरचीच्या हंगामात ठेवू नका. तारीख निदान पंधरा दिवस आधी दवंडीनं कळवा. अंगठा पुसट आला तर बाईलाच समोर बोलवा, तिला नाव सांगता येतं.

प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी खाटा, औषध आणि समुपदेशक द्या. नागपूरचं नाव सांगू नका. थरथरता माणूस नागपूरपर्यंत टिकत नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकांना याचं एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं असतं, तर एप्रिल 2015 च्या त्या रात्री मी पहाटेपर्यंत वाट पाहत बसले नसते.

पंच आणि साक्षीदार बायांना कोर्टाच्या तारखेची मजुरी आणि भाडं त्याच दिवशी द्या. धमकावणाऱ्यावर वेगळा गुन्हा दाखल करा. दर तिमाहीला प्रत्येक पोलीस ठाण्यानं ग्रामसभेला लेखी सांगावं, किती छापे पडले, किती चिल्लर विकणारे पकडले, आणि त्यांना माल देणारे किती.

दारूच्या शुल्कातून जे 14 हजार कोटी जादा येणार आहेत, त्यातला ठरलेला हिस्सा वरच्या खाटांसाठी आणि या धंद्यातून शाळा सुटलेल्या पोरांसाठी बाजूला काढा. माझा भाचा आता चोवीस वर्षांचा आहे, वीटभट्टीवर जातो. दहावीचा फॉर्म भरायचं म्हणतो. त्याला कुणी विचारलं तर तो भरेल.

या पत्राची प्रत मी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. त्या दिवशी दुकान बंद असतं, त्यामुळे पुरुषही सभेला बसतील. तोवर तुमचं उत्तर आलं तर तेही त्याच सभेत वाचू. आणि सह्यांचा नवा अर्ज आम्ही भरायला घेतला आहे. या वेळी प्रत्येकीच्या नावापुढे तिचं माहेरचं नावही लिहितो आहोत.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
मूल तालुका, जिल्हा चंद्रपूर